वाचक विचारतात : आठवण, विस्मरण आणि जाणीव

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बहुतेक पत्रे आठवण आणि विस्मरण यांविषयीच आहेत. त्यांतली चार येथे घेतली आहेत. पत्रे मोठी होती, म्हणून मुख्य मजकूर तेवढा ठेवला आहे, आणि घरातल्या गोष्टींचा उल्लेख असल्यामुळे नावे गाळली आहेत. वैद्यकीय महाविद्यालयात मी बरीच वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. त्या अभ्यासाच्या आधाराने ही उत्तरे लिहीत आहे. उपचाराचा निर्णय मात्र रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच राहील.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही नारायण पेठेत वाड्यात राहत होतो. गच्चीवर वडिलांचा हात धरून मी गल्लीत पाणी शिरताना पाहिले, पाण्यावरून वाहत चाललेला एक लाकडी पाळणा पाहिला, आणि ते दृश्य आजही माझ्या डोळ्यांसमोर लख्ख उभे राहते. मुलांना, नातवंडांना मी ते कितीदा तरी सांगितले आहे. गेल्या दिवाळीत थोरली बहीण म्हणाली, "अरे, तू वाड्यात होतासच कुठे? बाबांनी आपल्या दोघांना सकाळीच पर्वतीला मामाकडे पाठवलं होतं. पाळणा आईने पाहिला." वडील नाहीत, आई नाही. मग इतकी वर्षे मी खोटे सांगत आलो का? – एक वाचक, नारायण पेठ

नाही, आपण खोटे सांगितलेले नाही. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते आणि तो ते लपवतो; आपण तर आपल्याला जे दिसते तेच प्रामाणिकपणे सांगत आलात. प्रश्न एवढाच आहे की, जे इतके लख्ख दिसते ते तसेच घडलेले असते का. या प्रश्नाचे उत्तर गेल्या चाळीस वर्षांत बरेच स्पष्ट झाले आहे, आणि ते पुष्कळांना पचायला जड जाते.

28 जानेवारी 1986 रोजी चॅलेंजर हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात आकाशात फुटले. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांकडून, ही बातमी तुम्हाला कोठे, कोणाकडून आणि काय करत असताना कळली, हे लिहून घेतले. अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. 11 जणांचे प्रत्येक मुख्य उत्तर आधीच्या उत्तराहून वेगळे निघाले. सगळे तपशील जुळले असे अवघे तिघेच होते. आपल्याच हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवल्यावरही काहींना आपली आत्ताची आठवणच खरी वाटत राहिली. पुढे 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर ड्यूक विद्यापीठातल्या 54 विद्यार्थ्यांकडून त्या दिवसाची आठवण आणि त्याच सुमाराच्या एखाद्या साध्या प्रसंगाची आठवण अशा दोन्ही लिहून घेण्यात आल्या. महिने गेले तशा दोन्ही आठवणी सारख्याच प्रमाणात बदलल्या. फरक इतकाच राहिला की हल्ल्याची आठवण लोकांना तेवढीच स्पष्ट वाटत होती आणि तिच्याविषयी त्यांची खात्रीही अधिक होती. म्हणजे मोठ्या, धक्कादायक घटनेची आठवण जास्त टिकते असे आपण समजतो, तेव्हा प्रत्यक्षात टिकून राहते ती तिच्याविषयीची खात्री.

याचे कारण आठवण मेंदूत ज्या रीतीने राहते त्यात आहे. ती एका जागी, कपाटातल्या फोटोसारखी ठेवलेली नसते. पाहिलेले, ऐकलेले, वाटलेली भीती, जागेचा नकाशा हे सारे मेंदूच्या निरनिराळ्या भागांत विखुरलेले असते, आणि कानशिलाच्या आतल्या अंगाला असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग ते धागे एकत्र बांधतो. आपण आठवतो तेव्हा ती गोष्ट नव्याने जुळवली जाते. जुळवताना एखादा धागा सापडला नाही तर मेंदू जवळचा, शोभणारा धागा घालतो आणि तसे केल्याची खूण मागे ठेवत नाही. आपल्या बाबतीत आईने सांगितलेला पाळणा खरा, पाण्याचे वर्णन खरे, वडिलांचा हातही कोणत्या तरी दिवशी खराच धरलेला. पण त्या दिवशी कोण कोठे होते ही नोंद बहुधा सर्वांत आधी पुसट झाली. आठवणीतला मजकूर राहतो, तो कोठून आला हे हरवते. पानशेतची गोष्ट तर पेठांमधल्या घराघरांत इतकी सांगितली गेली आहे की दुसऱ्याचे पाहिलेले आपल्या डोळ्यांत उतरायला पुरेपूर वाव होता.

आठवण काढल्यावर ती काही काळ कच्ची होते, असा जो शोध 2000 मध्ये पुढे आला तो मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. करीम नादेर आणि जोसेफ लडू यांनी उंदरांना एका आवाजानंतर विजेचा हलका धक्का देऊन त्या आवाजाची भीती शिकवली. शिकलेले मेंदूत पक्के होण्यासाठी नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. एकदा पक्के झाले की मग ते काम संपले, असे तोवर मानले जात असे. या दोघांनी शिकणे पक्के झाल्यावर पुन्हा तो आवाज ऐकवला आणि लगेच भीतीशी संबंधित अमिग्डाला या भागात प्रथिने तयार होणे थांबवणारे औषध सोडले. त्या उंदरांची भीती जवळजवळ गेली. आवाज न ऐकवता नुसते औषध दिले, तर भीती जशीच्या तशी राहिली. म्हणजे आठवण जागी झाली की तिला पुन्हा नव्याने पक्के व्हावे लागते, आणि बदल शिरतो तो त्या मधल्या वेळात. माणसांत हे नेमके किती प्रमाणात होते याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष सगळे एका दिशेचे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. सुसुमु तोनेगावा यांच्या प्रयोगशाळेने 2013 मध्ये त्याही पुढचे पाऊल टाकले : उंदीर एका पेटीत फिरत असताना ज्या पेशी जाग्या झाल्या त्यांवर खूण करून, नंतर दुसऱ्या पेटीत प्रकाशाने त्याच पेशी जाग्या केल्या आणि त्याच वेळी पायाला धक्का दिला. पुढे तो उंदीर पहिल्या पेटीत घाबरून गोठून उभा राहू लागला, जिथे त्याला कधीच काही झाले नव्हते.

पुण्यातच याला एक जवळचे उदाहरण आहे. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना पंडितांनी भारतभरच्या पोथ्या ताडून पाहिल्या, कारण प्रत्येक नकलाकाराच्या हातून काही गळाले होते आणि काही भर पडली होती. पाठभेद असणे हा नकलाकाराचा खोटेपणा नव्हता. फरक असा की पंडितांपुढे अनेक पोथ्या होत्या, आणि आपल्या मनात एकच पोथी असते, जी दर वाचनाला पुन्हा लिहिली जाते.

एक सांगतो. बहिणीची आठवण बरोबर आणि आपली चूक, असेही गृहीत धरू नका. तिच्या आठवणीवरही तेवढेच संस्कार झालेले आहेत. दोघांनी वेगवेगळे बसून त्या दिवसाचे सकाळपासूनचे जे आठवते ते कागदावर लिहा, आणि मगच एकमेकांचे वाचा. आधी बोललात तर दोन्ही आठवणी एकमेकींत मिसळतील आणि काही वेगळे काढता येणार नाही. मामांच्या घरी त्या वर्षीची एखादी जुनी चिठ्ठी वा डायरी सापडली, तर तिचे वजन आपल्या दोघांच्याही आठवणीपेक्षा जास्त समजावे. नातवंडांना पाळण्याची गोष्ट जरूर सांगा. "पणजीने पाहिलेला" एवढे दोन शब्द तिच्यात घाला.

सासूबाईंचे वय 79. जेवून उठल्यावर दहा मिनिटांत "मला कोणी वाढलंच नाही" असे शेजारी जाऊन सांगतात. पण संध्याकाळी अथर्वशीर्ष एका अक्षराची चूक न करता म्हणतात आणि बोलता बोलता फुलवाती इतक्या सुबक वळतात की मला तशा येत नाहीत. थोरले दीर म्हणतात, "हे सोंग आहे, हवं ते बरोबर आठवतं." खरे काय मानावे? आणि परदेशात नवीन औषध आले आहे म्हणतात, ते घर गहाण ठेवून घ्यावे का? – एक वाचिका, कोथरूड

दीरांना हे उत्तर वाचायला द्यावे अशी माझी विनंती आहे. स्मृती ही एकच गोष्ट नाही, आणि हे एका माणसाच्या दुर्दैवातून जगाला कळले. हेन्री मोलायसन या 27 वर्षांच्या अमेरिकी तरुणाला अपस्माराचे फार जोरदार झटके येत. 1953 मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडलेली कोणतीही नवी गोष्ट त्याच्या लक्षात राहीना. ब्रेंडा मिलनर यांनी त्याचा अनेक वर्षे अभ्यास केला, तरी दर भेटीत त्या त्याला अनोळखीच असत. याच माणसाला त्यांनी आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला शिकवले. तीन दिवसांत त्याचा हात सराईत झाला. मात्र हे आपण आधी कधी केले आहे याची त्याला कल्पनाच नव्हती. 2008 मध्ये वारल्यावर त्याच्या मेंदूचे 2,401 पातळ काप करून ते अभ्यासासाठी जतन केले गेले.

सासूबाईंचे तसेच आहे. अल्झायमरमध्ये बहुधा पहिला आघात हिप्पोकॅम्पसवर आणि त्याच्या लगतच्या भागावर होतो, म्हणून दहा मिनिटांपूर्वीचे जेवण नोंदलेच जात नाही. जे नोंदलेच नाही ते आठवणार कोठून? साठ-सत्तर वर्षे रोज म्हटलेले स्तोत्र मेंदूत दूरवर पसरून पक्के झालेले असते, आणि वाती वळण्याचे बोटांचे कसब तर मेंदूच्या आणखी वेगळ्या भागांवर चालते. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये कापूस घेऊन, किंचित दूध लावून पीळ देणे हे त्यांच्या हातात आहे, आठवणीत शोधावे लागत नाही. सोंग करणाऱ्याला ही विभागणी इतकी बिनचूक साधणार नाही.

"मघाशीच तर जेवलात" असे म्हटल्याने त्यांना घास आठवणार नाही, फक्त आपण खोटे ठरलो हे दुखेल, आणि दुखणे मात्र बराच वेळ राहते. खरकटे ताट थोडा वेळ समोरच ठेवा, किंवा एखादे फळ कापून द्या. शेजाऱ्यांना एकदा नीट सांगून ठेवा. आधी बी-12, थायरॉइड, चालू असलेल्या गोळ्या, नैराश्य आणि कान हे सगळे तपासून घ्या, कारण यांतली काही कारणे बरी होण्यासारखी असतात. ऐकू कमी येणे हे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत मोडते, हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगानेही नोंदवले आहे, आणि आपल्याकडे श्रवणयंत्र घ्यायला ज्येष्ठ मंडळी फार का-कू करतात.

औषधाविषयी : लेकानेमॅब या अल्झायमरवरच्या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. 1,795 रुग्णांवर 18 महिने चाललेल्या चाचणीत घसरणीचा वेग 27 टक्क्यांनी कमी झाला. ऐकायला हे मोठे वाटते, पण 18 गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी आहे, आणि तोही आजाराच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत. मेंदूला सूज येणे आणि बारीक रक्तस्राव हे धोके आहेत, त्यामुळे वारंवार एमआरआय करावे लागतात. गेलेली आठवण या औषधाने परत येत नाही. सासूबाईंची अवस्था आपण लिहिली आहे त्यावरून, त्यासाठी घर गहाण ठेवण्याचा विचार मनातून काढावा असे मी म्हणेन. न्यूरॉलॉजिस्टांना मात्र अवश्य दाखवा.

मी लातूरहून स्पर्धा परीक्षेसाठी आलो आहे. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रोज बारा तास बसतो. एकेक पुस्तक चार-चार वेळा वाचून झाले आहे, महत्त्वाच्या ओळी रंगवल्या आहेत, तरी सराव चाचणीत आठवत नाही. स्मरणशक्तीच्या गोळ्या घेऊ का? – एक विद्यार्थी

गोळ्यांचे पैसे मेसला द्या. आपली स्मरणशक्ती ठीक आहे, फक्त तिच्याकडून काम करून घेतलेले नाही. चौथ्यांदा वाचताना पान ओळखीचे वाटते, आणि ओळखीचे वाटणे म्हणजे येणे असा समज होतो. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारे पुढे होते; आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले आणि लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. आजी-आजोबा पाढे नुसते वाचून घेत नसत, मध्येच "सतरा सक?" असे विचारत, त्यामागे हेच होते. म्हणून एक प्रकरण वाचले की पुस्तक मिटा, कोऱ्या पानावर लिहा, चुकलेले तेवढे पाहा, आणि तेच दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा करा. रात्रीची झोप कापू नका, कारण दिवसाचे शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत चालते.

वेदपाठी लोकांच्या मेंदूविषयीही आपण विचारले आहे. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 21 वैदिक पंडितांच्या मेंदूची तुलना इतर 21 जणांशी केली, तेव्हा पंडितांमध्ये मेंदूच्या काही भागांतले करडे द्रव्य जास्त आढळले, उजव्या हिप्पोकॅम्पसमध्येही. पाठांतराने मेंदू असा घडला की ज्यांचा मेंदू मुळातच तसा होता तेच पाठांतरात टिकले, हे मात्र एका वेळच्या तुलनेतून ठरत नाही.

माझा 24 वर्षांचा पुतण्या दुचाकीच्या अपघातानंतर पाच आठवडे दवाखान्यात आहे. डोळे उघडतो, पण नजर लागत नाही, हाकेला काही देत नाही. सिस्टर म्हणतात बोलत राहा. एक नातेवाईक म्हणतात त्याला काही कळत नाही, उगाच मन रमवू नका. त्याला ऐकू येत असेल का? – एक वाचक, हडपसर

आपल्या पुतण्याला मी पाहिलेले नाही, म्हणून त्याच्याविषयी हो किंवा नाही म्हणणार नाही. पण "काही कळत नाही" हे वाक्य इतक्या खात्रीने उच्चारण्याचा अधिकार आज कोणालाच नाही, आणि ते का, हे सविस्तर सांगतो.

जागे असणे आणि जाणीव असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळ्यांची उघडझाप मेंदूच्या खालच्या, देठासारख्या भागाकडून होते. जाणिवेसाठी वरचे थर आणि त्यांचे आतल्या केंद्रांशी असलेले जाळे लागते. 2006 मध्ये एड्रियन ओवेन यांनी अपघातानंतर कसलाही प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या एका स्त्रीला एमआरआय यंत्रात ठेवून "टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा", मग "आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरत आहात अशी कल्पना करा" असे सांगितले. दोन्ही वेळा तिच्या मेंदूचे तेच भाग उजळले जे निरोगी माणसांत उजळतात. ती ऐकत होती, समजत होती, आणि सांगितलेले करत होती. तिचे शरीर तेवढे काही दाखवत नव्हते.

2024 मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आज्ञेला बाहेरून काहीच प्रतिसाद न देणाऱ्या 241 जणांपैकी 60 जणांच्या मेंदूने एमआरआय किंवा ईईजीवर (मेंदूतल्या विजेच्या लहरी टिपणाऱ्या तपासणीत) आज्ञा पाळल्याची खूण दिली, म्हणजे चारांत एकाने. त्यातली दुसरी संख्याही तितकीच महत्त्वाची आहे : जे 112 रुग्ण सर्वांना दिसेल असा प्रतिसाद देत होते, त्यांच्यापैकीही फक्त 43 जणांत ही खूण मिळाली. चाचणीत काही दिसले नाही म्हणून आत काही नाही, असे म्हणता येत नाही. आणि चारांतल्या तिघांत ती खूण मिळाली नाही, हेही आपल्यापासून लपवणार नाही.

जाणीव मेंदूत नेमकी कशी उपजते यावर एकमत नाही. 1998 मध्ये क्रिस्टोफ कॉख या मेंदूशास्त्रज्ञाने डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाशी पैज लावली होती की 25 वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण सापडेल. 2023 मध्ये त्यांनी हार मान्य करून वाइनच्या बाटल्या दिल्या. 2025 मध्ये 256 लोकांवरच्या प्रयोगात दोन प्रमुख सिद्धान्त समोरासमोर तपासले गेले, तेव्हा दोन्हींची काही महत्त्वाची भाकिते चुकली. ज्या शास्त्राचे मूळच अजून उकलायचे आहे, त्याच्या नावाने खाटेशेजारी कोणी निकाल देऊ नये.

तशा एमआरआय चाचण्या आपल्याकडे सहज होत नाहीत, पण एक गोष्ट होण्यासारखी आहे. 2009 च्या एका अभ्यासात, डॉक्टरांनी नेहमीच्या पाहणीवरून "जाणीव नाही" असे ठरवलेल्या 44 रुग्णांची ठरावीक पायऱ्यांनी काळजीपूर्वक तपासणी केली, तेव्हा 18 जणांत जाणिवेच्या खुणा निघाल्या. अशी तपासणी एकदाच करून भागत नाही, ती दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी अनेकदा व्हावी लागते. डॉक्टरांना तसे विचारा. त्यात संकोच करू नका. या तपासणीत नजर फिरते का हे पाहायला हातातला साधा आरसा वापरतात, कारण माणसाची नजर वस्तूपेक्षा स्वतःच्या चेहऱ्यामागे लवकर जाते. डॉक्टरांची हरकत नसेल, तर घरचा छोटा आरसा त्याच्या चेहऱ्यासमोर धरून सावकाश डावीकडून उजवीकडे न्या.

बोलताना एका वेळी एकानेच बोलावे, टीव्ही बंद असावा, आधी आपण कोण ते सांगावे आणि घरात ज्या नावाने त्याला हाक मारता त्याच नावाने मारावी. "हात दाब" असे सांगू नका, कारण तळहातात बोट गेले की मूठ वळणे ही आपोआप होणारी क्रिया असू शकते. "अंगठा वर कर" किंवा "दोनदा डोळे मीट" असे सांगा, निदान दहा-पंधरा सेकंद थांबा, आणि काही दिसले तर वही उघडून तारीख, वेळ आणि नेमके काय दिसले ते लिहून ठेवा. काही दिसले नाही तर तेही लिहा. ती वही दर राउंडला डॉक्टरांच्या हातात द्या.